प्रमोदचा नवा स्पिंडल

रविवार, संध्याकाळ. बूढापारा.

आज शंकर नगरला प्रमोदकडे, म्हणजे माझ्या साडूकडे जाऊन आलो, तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही. त्यानं आपल्या लाकूड कोरायच्या सीएनसी मशीनले नवा स्पिंडल, म्हणजे कोरायचं पातं फिरवणारी मोटर, अन् नवा कंट्रोलर बसवला. पाण्यानं थंड होणारा स्पिंडल. आवाजच नाही. मशीन सागाच्या फळीवर वेल कोरून राहिली होती अन् आम्ही बाजूले बसून चहा पिऊन राहिलो होतो.

हे वेड त्याले लावलं कोणी? मीच. त्याची मशीन माझ्या हातानं जोडली. अन् माझ्या मशीनवर अजून स्पिंडलच्या जागी सुताराचा हातराऊटर बांधलेला. चालू केला की शेजारी खिडक्या लावतात.

माझ्या बायकोनं, माधुरीनं, त्या वेलीवरून बोट फिरवलं. "किती साफ निघालं," म्हणाली. माझ्या कामाले ती असं कधी म्हणाली? आठवत नाही. प्रमोदची पोट्टी म्हणते, "मौसाजी, आपकी मशीन में तो कान बंद करने पड़ते हैं ना?" सगळे हसले. मीही हसलो.

आवाजच नाही. हेच खुपतं.

निघताना प्रमोद जुना स्पिंडल घेऊन आला. "भाऊ, हा तुम्ही न्या. मले आता कामाचा नाही." मी नको म्हटलं. माधुरीनं "हव, द्या" म्हणून पिशवीत टाकला.

घरी ती स्वयंपाकाले लागली, तेव्हा मागच्या खोलीत जाऊन तो माझ्या मशीनवर धरून पाहिला. बरोबर बसतो. बसला नसता तर बरं झालं असतं. परत करायले कारण तरी राहिलं असतं.