गळलेल्या संत्र्यांची पट्टी

५ ऑगस्ट
कडं आलं. सकाळी कॉलेजच्या लॅबमध्ये काचेची बशी उजेडात धरली. बशीभर जंतूंची पांढरट साय, आणि माझ्या पट्टीच्या तुकड्याभोवती स्वच्छ गोल कडं, म्हणजे तेवढ्यातले जंतू मेले. जखमेवर लावायची पट्टी, तीही गळलेल्या हिरव्या संत्र्यांची साल आणि कपाशीच्या वाळक्या पऱ्हाटीचा भुसा यांची! लोक उकिरड्यावर फेकतात ते. एकटीच नाचले. सौंसरहून परतताना बसचं तिकीट काढायचं विसरले, कंडक्टर बोलला, तरी हसतच होते.

६ ऑगस्ट
निलेशला सांगितलं. धाकटा भाऊ, पण दरवर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीत, दोन गावांच्या त्या दगडफेकीत, डोकं फोडून येतो आणि वर देवळातली भभूत चोळतो. म्हणे, "यंदा भभूत नाही ताई, तुहीच पट्टी लावतो." मी बरं म्हणाले. तोंडातून गेलंच.

९ ऑगस्ट
जेवताना बाबा सहज म्हणाले, "संत्र्याची गळ कमी होऊन राहिली आता. मोरचूद-चुना मारला ना मागच्या महिन्यात."
घास हातातच. मोरचूद तर जंतू मारतोच. मग कडं सालीचं की फवाऱ्याचं?
"बाबा, सांगाचं नाही काय?"
"तू विचारलं कवा?"
खरंय. बाजारातून आणली असती तर दहा प्रश्न केले असते. घरच्या बगीच्यातली म्हणून एकही नाही. स्वतःचाच राग येतोय.

१६ ऑगस्ट
लोधीखेडा, मावशीकडे. तिच्या न्हाणीमागे एकच झाड, त्याने औषध कधी पाहिलेलं नाही. मावशी: "खाली पडलेली कायले नेतं वं? झाडावरची घे ना." झोळीभर गळलेलीच आणली. साल उकळताना तोच कडवट वास.

२२, पोळा
सुट्टी, तरी लॅबची किल्ली मागून घेतली. नवे तुकडे बशीत ठेवले. निलेशला म्हटलं, यंदा पट्टी नाही. "नाही काय? साऱ्याइले सांगून बसलो मी."

२३
कपाळ फोडून आला. ओट्यावर बसून म्हणतो, लाव. जुनी पट्टी कपाटात होती, मोरचुदाची का असेना. हात कपाटाकडे गेला, खोटं कशाला लिहू. जखम धुतली, कापूस दाबला, दवाखान्यात नेलं. टाके पडले. वाटेत एवढंच बोलला, "तुह्या भरोशावर म्या भभूत नाही लावली." रडूच आलं.

२४
कडं आहे. पहिल्याच्या निम्मंही नाही, पण आहे, आणि त्यात बाबांचा मोरचूद नाही. बशी हातात धरून लॅबमधूनच निलेशला फोन.
"मंग आता लावशील?"
"नाही. पुन्हा करून पाहायचंय. मग दुसऱ्या लॅबमध्ये. मग..."
"पुढच्या गोटमारीले तरी?"
तू जाऊच नको, असं म्हणायचं होतं. तो जाणारच. मावशीला फोन लावला, गळलेली आणखी वेचून ठेव म्हणून.