कोन रस्त्यावरचा टॉवर किती मजली?

मंगळवार, संध्याकाळ

कोन गावाकडच्या रस्त्यावर मोठा टॉवर होणार म्हणे. नुसते पत्रे ठोकलेत, बोर्डही लागला नाही. पण आमच्याकडे मजले ठरले. हे म्हणाले, "चाळीस." तर कुंपणापलीकडून थोरले दीर ओरडले, "येडा झालास का? साठच्या खाली न्हाय!"

चहा गाळता गाळता मी थांबलेच. जमिनीच्या वाटणीपासून दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. लग्नकार्यातही तोंड फिरवायचे. आणि आज बोलले कशावर, तर मजल्यांवर!

"खाडीची माती हाय, साठ पेलंल?" ह्यांनी विचारलं.

"वर निमुळता करतील ना!" म्हणत दीर चक्क आमच्या ओट्यावर आले. खडूने निमुळता टॉवर काढला. ह्यांनी तो पुसून चौकोनी काढला. आजूबाजूची गोदामं बघून बघून दुसरं काय सुचणार? दिरांनी पुन्हा निमुळता केला.

आमच्या अंगणातलं ऊन अडेल का? अडेलही. पण आज मला तो टॉवर फार आवडला.

जेवायची वेळ झाली तरी वाद चालूच. शेवटी जाऊबाई भाकऱ्या घेऊन इकडेच आल्या. हळूच म्हणाल्या, "कोन जिंकला गं?"

म्हटलं, "ताई, कुणालाच जिंकू द्यायचं न्हाय."