चूल त्यांची, धुराडं यांचं

तीर्थरूप मामांस,

शिरसाष्टांग नमस्कार. (खरोखरच घालणार होतो, पण इथल्या सकाळच्या फरशीला आठांपैकी एक जरी अंग टेकलं, तरी ते परत मिळेल याची खात्री नाही. तेव्हा हा कागदावरचाच गोड मानून घ्यावा.) तुमचा गुडघा काय म्हणतो? मामींच्या मोतीबिंदूचं काही ठरलं का? मी मजेत आहे. हे वाक्य लिहून जरा थांबलो. डायरी काढून पाहिली, तर गेल्या महिन्यात 'मजेत' हा शब्द दोनदा आला आहे आणि दोन्ही वेळा त्यापुढे प्रश्नचिन्ह आहे. तेव्हा 'बरा आहे' असं वाचावं.

तुम्ही ऐन उमेदीत इथे दोन वर्षं मोजणीदार म्हणून काढलीत, त्यामुळे इथली हवा तुम्हाला सांगायला नको. तरी सांगतो, कारण दुसरं कोणी ऐकून घेत नाही. इथे तीन ऋतू आहेत : थंडी, कडक थंडी आणि 'यंदा थंडी काहीच नाही' असं गावकरी म्हणतात तो. सध्या तिसरा चालू आहे. खोबरेल तेलाची बाटली मी काखेत धरून कचेरीत नेतो, तेव्हा कुठे संध्याकाळी ते डोक्याला लागतं. धुकं खिडकीतून आत येतं, खोलीभर फिरतं आणि जाताना कपड्यांतला वाळलेला भाग ओला करून जातं. मोज्यांचा एक जोड मी मंगळवारी धुतला होता. कुठल्या मंगळवारी ते डायरीत पाहावं लागेल. रस्त्यावर तर माणसं चेहऱ्यावरून नव्हे, खोकल्यावरून ओळखायची. आमच्या साहेबांचा खोकला दोन तुकड्यांत येतो. पहिल्या आठवड्यात मी तसाच खोकला ऐकून लवून नमस्कार केला आणि रजेचंही बोलून घेतलं. ते खेचर होतं. (रजा नंतर साहेबांनीही मंजूर केली नाही.)

आता मुद्द्यावर येतो. मुद्दा माझ्या चुकीचा आहे, म्हणून जरा लांबून येतो.

जमिनीचे नकाशे आणि जुनी कागदपत्रं सांभाळणं हे माझं काम. ओलीने कागद कुजू नयेत म्हणून दप्तरखान्यात सरकारी शेगडी दिवसभर पेटती ठेवायची, असा नियम आहे. साऱ्या गावात दिवसभर ऊब असलेली एवढी एकच खोली. साहजिकच गाव तिथे येऊन बसायचं. बाकावर सहा जणांची जागा आणि तेरा जण बसलेले. एक निवृत्त मास्तर तर 'जरा एक नोंद पाहायची होती' म्हणून रोज येत आणि नोंद न पाहता संध्याकाळपर्यंत घोरत. कुणाचा काही त्रास नव्हता. पण माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. मला बरं चाललेलं बघवत नाही. सरकारी कोळसा कागदांसाठी की माणसांसाठी, असा प्रश्न मला पडला. तो चार दिवस पडून राहिला आणि पाचव्या दिवशी मी दारावर पाटी लावली : 'कामाशिवाय बसू नये. काम असल्यास लेखी अर्ज करावा.'

मला वाटलं, लोक घरी जातील. मामा, थंडीने काकडलेला माणूस घरी जात नाही, अर्ज करतो. दुसऱ्या दिवशी तेरा अर्ज आले. प्रत्येकाला स्वतःच्या घराचा नकाशा पाहायचा होता. नियमाने मला ते काढून द्यावे लागले. तीसेक वर्षांत या गावात कोणी आपला नकाशा उलगडला नव्हता, म्हणून सगळ्यांचं छान चाललं होतं. झाकली मूठ होती ती. मीच बोटं धरून उघडली. मास्तरांचा संडास निघाला शेजाऱ्याच्या परड्यात. (ते आता घोरत नाहीत.) साहेबांचं फाटक अर्धं रस्त्यात आहे, हे साहेबांना मीच सांगितलं. सांगायला नको होतं का? नियमाप्रमाणे हवं होतं. पण सांगताना मला किंचित बरं वाटलं, ते नियमात बसत नाही.

याहून वाईट पुढेच आहे. मी ज्यांच्या माडीवर राहतो त्या घरमालकीणबाई आणि शेजारचे टेलरमास्तर, दोघंही एकटीच माणसं, एकाच कागदावर दोघांचे नकाशे म्हणून हसत-बोलत एकत्र आली. मी नकाशा पसरला आणि हसणं थांबलं. हद्दीची रेघ बाईंच्या स्वयंपाकघराच्या मधून गेली होती. टेलरमास्तरांनी गळ्यातली टेप काढून कागद दोनदा मोजला आणि ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते खुर्ची आणि काजं करायचा एक कोट घेऊन आले आणि स्वयंपाकघरात आपल्या बाजूला बसले. बाई म्हणाल्या, हे काय? तर म्हणाले, "तुमच्या घरात नाही बसलो, बाई. माझ्या जागेत बसलोय."

आता घोळ असा, की चूल टेलरमास्तरांच्या हद्दीत येते आणि तिचं नळकांडं भिंतीभिंतीने जाऊन बाईंच्या हद्दीतून बाहेर पडतं. बाई म्हणाल्या, "खुशाल बसा. पण तुमचा धूर माझ्या भिंतीतून जाणार नाही." आणि नळकांड्यात जुनी गोधडी कोंबली. गेले सहा दिवस चूल थंड आहे. मधोमध खडूची रेघ आहे. माझा पाट एकीकडे आणि ताट दुसरीकडे, असा मी पाव-साखर खातो. एकमेकांना काही सांगायचं झालं की दोघंही मला सांगतात. मीठ द्या म्हणायलासुद्धा मी. विकतचं दुखणं म्हणतात ते हेच, फक्त मी ते फुकट घेतलं.

हसण्यावारी नेत होतो, पण परवा बाई जिना चढून वर आल्या. म्हणाल्या, नकाशा खरा असेल तर घर विकून लेकीकडे जाते. एकतीस वर्षं दुसऱ्याच्या जागेत स्वयंपाक केला म्हणायचं. आवाज चढवला नाही, डोळे पुसले नाहीत. मला तेवढं पुरलं. कचेरीच्या दारावरची पाटी मी काढली. पण आता बाकावर कोणी कोणाच्या शेजारी बसत नाही. तेरा जणांना सहाची जागा पुरायची. आता चौघांना पुरत नाही.

मामींना नमस्कार. गुडघ्याला शेक देत जा. (शेक! शब्द लिहूनच हात गरम झाला.)

तुमचा भाचा

ता. क. : नकाशाखाली मोजणीदार म्हणून सही आहे ती तुमची. तारीख पाहून त्या दिवसाची कचेरीची जुनी रोजनिशी काढली. तीत लिहिलंय : 'धुके दाट. शिपाई दुपारी पोचला. सकाळी त्यास कचेरी सापडली नाही.' अशा धुक्यात तुम्हाला मोजणीच्या साखळीचं दुसरं टोक दिसलं होतं का, एवढंच विचारण्यासाठी वरची पाच पानं लिहिली. खोटं लिहा असं मी म्हणणार नाही. दिसलं असेल तर दिसलं म्हणा. पण नसेल दिसलं, तर तसं दोन ओळींत कळवलंत की फेरमोजणीचा अर्ज करता येईल आणि एका बाईंचं घर राहील.

ता. क. दुसरा : पाकीट चिकटवायला खळ मागावी म्हणून खाली गेलो, तर चूल पेटलेली. गोधडी वाळत घातली होती. खडूची रेघ होती तशीच, आणि टेलरमास्तरही आपल्या हद्दीतच, मांडीवर कोट घेऊन. बाईंनी चहा केला होता आणि कप बरोबर रेघेवर ठेवला होता. मी म्हटलं, मोजणी माझ्या मामांची, त्यांनाच विचारतोय, महिनाभरात काय ते ठरेल, रेघ पुसून टाकता येईल. बाईंनी कप रेघेवरच किंचित सरळ केला. मग मास्तर तोंडातला दोरा काढून म्हणाले, "घाई नाही म्हणावं. वय झालंय त्यांचं, सावकाश आठवू दे." बाई नळकांड्याकडे बघत म्हणाल्या, "हो. उन्हाळ्यापर्यंत चालेल."

इथे उन्हाळा नसतो, हे दोघांनाही माहीत आहे. तेव्हा मामा, प्रकृतीला जपा, आणि कृपा करून काहीही आठवू नका.