शेवटी ठेवलेला फोल्डर

प्रिय बुटके,

फोन न करता पत्र लिहितोय म्हणून घाबरू नकोस. तब्येत बरी आहे, गुडघे सोडले तर. फोनवर मी नुसतं ‘हो हो, बरंय’ म्हणतो आणि ठेवून देतो ही तुझी तक्रार खरी आहे. चाळीस वर्षं छापखान्यात दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका काढल्या, त्यामुळे बोलताना माझंच वाक्य मला चुकल्यासारखं वाटतं आणि मी मध्येच गप्प होतो. कागदावर निदान खोडता येतं. हे पत्र तिसऱ्यांदा लिहितोय. पहिली दोन फाडली.

बातमी अशी की तुझ्या दादाच्या खोलीतली डिस्कची पेटी गेली. तुझी आई जिला ‘माझी सवत’ म्हणायची, तीच. कुणी पाहुणं आलं आणि आतून पंख्याची घरघर ऐकून विचारलं, की आई सरळ सांगायची, ‘आमच्या ह्यांनी दुसरा संसार मांडलाय, त्याचा आवाज आहे.’ पाहुणे हसायचे. मीही हसायचो. ती हसत नव्हती हे तुला तेव्हाच कळलं होतं बहुतेक; मला ती तुझ्याकडे राहायला निघून गेल्यावर कळलं.

त्या पेटीत काय होतं ते तुला सांगायला नको, पण कुठून सुरू झालं ते एकदा नीट मांडू दे. चौदा वर्षांपूर्वी दादा सायकलची चेन सैल झाली म्हणून दुरुस्तीला निघाला. तो एकोणीस वर्षांचा होता, तू तेरा. तो दुकानात पोचलाच नाही आणि घरीही आला नाही. चौथ्या दिवशी कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याने त्याच्या कॅमेऱ्यातलं चित्रण काढून दिलं. अकरा सेकंद. दादा सायकल हातात धरून चालत येतो, खांबापाशी थांबतो, वाकून चेन बघतो, मग कुणीतरी हाक मारल्यासारखं एकदम मागे वळून बघतो, आणि डावीकडे निघून जातो. बस. कोणी हाक मारली हे चित्रात नव्हतं. आवाजही नव्हता.

मी ठरवलं की ती हाक मारणारा माणूस दुसऱ्या कुठल्यातरी कॅमेऱ्यात असणारच. मग औषधाचं दुकान, पेट्रोल पंप, बस डेपो, दवाखान्याचं फाटक, सगळीकडे गेलो. पहिल्या महिन्यात लोक चहा पाजून चित्रण द्यायचे. वर्षभरात त्यांनी चहा बंद केला, आणि पुढे मी रस्त्यावर दिसलो की आतल्या खोलीत जायला लागले. तरी काही भली माणसं देत राहिली. सीडी झाल्या, मग सुट्या हार्ड डिस्क झाल्या, आणि कपाटात मावेनात तेव्हा समोरच्या टेलिफोननी (टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले ते आपले गृहस्थ, त्यांना वायरींचा पसारा आवडतो) ती पेटी जोडून दिली. सहा डिस्कची. एक डिस्क गेली तर बाकीच्या पाच तिचं काम उचलतात, दोन गेल्या की सगळं गेलं, हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. जुन्या सीडी आणि डिस्कवरचं सगळं तिच्यात उतरवून त्या मी भंगारात दिल्या. पेटी ठेवायला जागा हवी म्हणून दादाचा पलंग काढला. आई एक आठवडा माझ्याशी बोलली नाही.

नऊ वर्षांत एकतीस टेराबाइट साठले. मी रोज सकाळी चार तास बघायचो, ऑफिसला गेल्यासारखा. औषधाच्या दुकानातली एक मुलगी पोरसवदा असल्यापासून मी बघितली. तिचं लग्न झालं, पोट वाढलं, दोन महिने दिसली नाही, मग कडेवर बाळ घेऊन आली. एक गृहस्थ बारा महिने छत्री घेऊन जातात आणि पावसात ती कधी उघडत नाहीत. या लोकांची मला इतकी सवय झाली होती की कुणी चार दिवस दिसलं नाही तर जिवाला घोर लागायचा. तू त्याच वर्षांत दहावी झालीस, बारावी झालीस, कानाची यंत्रं बसवायचं शिकलीस. त्यातलं मला फारसं काही आठवत नाही. औषधवाल्या मुलीच्या पोराने पहिलं पाऊल कोणत्या दिवशी टाकलं ते मात्र मी सांगू शकतो. हे लिहिताना लाज वाटते, पण खोडणार नाही.

तीन आठवड्यांपूर्वी एका सोमवारी दुपारी पेटीने शिट्टी वाजवायला सुरुवात केली आणि तिसऱ्या डिस्कचा दिवा लाल झाला. टेलिफोनना बोलावलं. त्यांनी नाकावर चष्मा ओढून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, “एक मेली. पाचवीचंही काही खरं नाही, अडखळतेय. नवीन डिस्क घालून पेटी दुरुस्त करायला गेलात तर तिच्यावर ताण येईल. आधी सगळं बाहेर काढा.” मग मी आठ-आठ टेराबाइटचे पाच ड्राइव्ह आणले. एका ड्राइव्हवर सगळं मावणार नव्हतं, म्हणून वर्षांप्रमाणे वाटणी केली, प्रत्येकावर चिठ्ठी चिकटवली, वहीत यादी केली. चार ड्राइव्ह बाकी सगळ्यासाठी. पाचवा, कोरा करकरीत, फक्त त्या पहिल्या आठवड्याच्या फोल्डरसाठी, ज्यात ते अकरा सेकंद होते.

टेलिफोन म्हणाले, “उलटं करा. जे हवंच आहे ते आधी घ्या. एक मिनिटाचं काम आहे.” मी म्हटलं, नाही, क्रमाने घेऊ, तो शेवटी. त्यांनी दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा जरा चिडून सांगितलं. मी त्यांना, ज्यांनी ती पेटी जोडली त्यांना, असं बोललो की तुम्हाला यातलं काय कळतं. 

तुला खरं कारण सांगतो, त्यांना सांगितलं नाही. त्या फोल्डरला हात लावायची मला भीती वाटत होती. गेली तीन वर्षं मी तो उघडला नव्हता. शेवटचा उघडला तेव्हा अकरा सेकंद बघून झाले आणि माझ्या लक्षात आलं की मला दादा दिसतच नाहीये. इतक्या वेळा बघून बघून तिथे नुसते करडे चौकोन उरले होते, हलणारे. एखादा शब्द पन्नास वेळा वाचला की त्याचा अर्थ निघून जातो ना, तसं. त्या दिवशी मी फोल्डर बंद केला आणि बाकीचं बघत राहिलो, कारण परक्या माणसांमध्ये त्याला शोधणं सोपं होतं.

एक ड्राइव्ह भरायला सव्वा दिवसाच्या आसपास लागत होता. पेटी मलूल झाली होती, थांबून थांबून चालायची. मी खोलीतच सतरंजी टाकून बसायचो, टेबलपंखा तिच्याकडे वळवलेला. शनिवारी चौथा ड्राइव्ह भरला. आता पाचवा लावायचा आणि ते अकरा सेकंद घ्यायचे, एवढंच राहिलं होतं. पण मला मुद्रितशोधकाची खोड. भरलेल्या चारही ड्राइव्हवरचं मूळ प्रतीशी ताडून बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही असं मी ठरवलं. टेलिफोन दारात उभे राहून म्हणाले, “अहो, ताडायचं म्हणजे ती बिचारी डिस्क पुन्हा पहिल्यापासून वाचणार. तिच्यात तेवढा जीव नाही.” मी मान हलवली आणि पडताळणी सुरू केली. सोमवारी सकाळी सव्वादहाला, मी दाढी करत असताना, शिट्टी पुन्हा वाजली. साबणासकट धावलो. पाचव्या डिस्कचा दिवा लाल. पडद्यावर सगळी फोल्डरं नाहीशी झाली होती.

टेलिफोननी दोन दिवस खटपट केली. डिस्क एका प्रयोगशाळेत पाठवून पाहिली. तिथल्या बाईंनी फोनवर फार सौम्यपणे सांगितलं की आतल्या चकतीवर ओरखडे पडलेत, तुम्ही वाट बघू नका. बेकरी कधीच बंद झाली, तिथे आता कपड्यांचं दुकान आहे. पोलिसांना दिलेला पेनड्राइव्ह त्यांच्या जुन्या कचेरीतून नव्या कचेरीत जाताना कुठे गेला ते कुणालाच माहीत नाही. हवालदाराने माझ्यासमोर तीन कपाटं उपसली, आणि शेवटी खुर्ची पुढे करून म्हणाला, “काका, बसा.” मी बसलो. पाणी प्यायलो. घरी आलो.

म्हणजे आता असं आहे की एकतीस टेराबाइट परकी माणसं माझ्याकडे सुखरूप आहेत, चार ड्राइव्हवर, त्यातला एक ताडून बघितलेला. दादा तेवढा नाही. मी डोळे मिटून ते चित्र आठवायला बसतो. तो वाकतो. सायकल कोणत्या हातात होती? मागे वळताना डाव्या खांद्यावरून वळला की उजव्या? काल सकाळी वाटलं डाव्या, संध्याकाळी वाटलं उजव्या. आज तर मला त्याच्या शर्टाचीही खात्री नाही.

तू सोळा वर्षांची असताना माझ्याकडे ते अकरा सेकंद मागितले होतेस. ‘बाबा, मला माझ्या फोनमध्ये ठेवायचेत, मी कुणाला देणार नाही,’ म्हणाली होतीस. तेव्हा खोटे फोन यायचे, कुणीतरी त्याचा फोटो कुठेतरी टाकून भलतंसलतं लिहिलं होतं, म्हणून मी धास्तावलो होतो. हे कारण मी तुला दिलं आणि ते अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं असं की ते माझं होतं. तुझ्या भावाचं दुःख मी कुलपात ठेवलं आणि किल्ली स्वतःजवळ ठेवली. तू परत कधी मागितले नाहीस. त्या वेळी दिले असते तर आज ते तुझ्याजवळ असते, हे मी आठवडाभर दर तासाला स्वतःला सांगतोय. तू वेगळं सांगायची गरज नाही, पण सांगितलंस तरी माझी हरकत नाही.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसलो ते. दोन वर्षांपूर्वी तू एक अर्ज पाठवला होतास, दादाला कायद्याने मृत धरावं म्हणून कोर्टात द्यायचा. आईला डॉक्टरांनी जे सांगितलं त्यानंतर. तू सोबत लिहिलं होतंस की आईला जायच्या आधी एकदा त्याच्यासाठी उघडपणे रडायचंय, आणि मी सही केल्याशिवाय ती रडणार नाही. मी उत्तर दिलं नाही. फोनवर तू विषय काढलास की मी ‘हो हो, बरंय’ म्हणून ठेवून द्यायचो. तो अर्ज या पाकिटात आहे. भरला आहे. ‘शेवटचे कुठे दिसले’ या रकान्यात बेकरीचा पत्ता लिहिला आणि ‘पुरावा जोडला आहे काय’ या रकान्यात ‘नाही’ लिहिलं. मला तो गेला असं पटलेलं नाही, बुटके. पटेल असंही वाटत नाही. माझ्याकडे बघायला काही उरलं नाही, एवढंच झालंय, आणि आईकडे वेळ उरला नाही. माझ्या सहीखाली तिच्या सहीची जागा आहे. ती सही करेल तेव्हा तिच्याजवळ बस, हात धर. मी इथे एकट्याने केली. तसं कुणी करू नये.

तुझाच, फार उशिराने,
बाबा