टाकी पुढे, टब मागे

२ मे
आजपासून रोजनिशी. फक्त तांत्रिक नोंदींसाठी. ही जाऊन साडेतीन महिने झाले, त्याचा याच्याशी संबंध नाही.

काम : गच्चीवरचं पावसाचं पाणी साठवणं. हिच्या अकरा कुंड्या आहेत. नळाच्या पाण्याने मातीवर पांढरा थर धरतो, पानं पिवळी पडतात. ही साठवलेलं पावसाचं पाणीच घालायची, तेही मागच्या दारच्या निळ्या टबातलं. टबाचा एक कान तुटका, तिथे तार बांधलेली. छत्तीस वर्षं घरांचे नकाशे काढणाऱ्या माणसाच्या घरी ही व्यवस्था!
टब उद्या भंगारात.

३ मे, सकाळी
मुलीचा फोन. म्हणाली, बाबा, फोटोत लिंबाची पानं कसली दिसतायत! कुंड्या मी घेऊन जाते, तुमच्याच्याने होणार नाही. मी म्हटलं, पहिल्या मोठ्या पावसात टाकी भरेल. नाही भरली तर सगळ्या कुंड्या ने. ती म्हणाली, शब्द? मी म्हटलं, शब्द.
‘सगळ्या’ म्हणायला नको होतं. पण गणित पक्कं आहे.
भंगारवाला आला नाही.

५ मे
घराचा मूळ नकाशा बाहेर काढला. तीस वर्षांपूर्वी मीच काढलेला. गच्चीचा उतार पुढच्या दाराकडे, बाण स्पष्ट. म्हणजे जवळजवळ सगळं पाणी पुढच्या पन्हळीतून पडणार. आणि ही टब ठेवायची मागे! हिचं गणित कच्चंच. मी कधी बोललो नाही. पावसात मागच्या दारी जायची मला वेळच आली नाही.

९ मे
हजार लिटरची टाकी आली. पुढे बसवल्यावर दार अर्धंच उघडतं. अर्धं पुरतं. येणारं-जाणारं माणूस एकच आहे.

१२ मे
प्लंबर गच्चीवर जाऊन इकडेतिकडे बघत बसला. म्हणाला, काका, एक बादली ओतून बघू या ना, पाणी कुठे पळतंय ते. मी नकाशा दाखवला. म्हणाला, पाण्याने कुठे वाचलाय तो? त्याला उताराचं प्रमाण नीट समजावून सांगितलं. अर्ध्यातच त्याने चहा मागितला. चहा जमला. साखर सापडली नाही.

१३ मे
भंगारवाला आला. टब दाखवला नाही. त्याचा काटा खात्रीचा वाटेना.

१७ मे
शेजारच्या वहिनींनी कुंपणावरून विचारलं, भाऊजी, टब काढताय म्हणे? मी म्हटलं, तत्त्वाचा प्रश्न आहे. त्या म्हणाल्या, अहो, पाऊस आला की ती आधी टब बघायची, मग दोरीवरचे कपडे. राहू दे बाई तो. टाकी काय, भरेल हो.
‘भरेल हो’चा सूर आवडला नाही.
टब जागेवरून हलवला. खाली गोल डाग होता, फरशीहून फिकट. पुन्हा त्यावर ठेवला. डाग बरा दिसत नाही.

१९ मे
जाळी, गाळणी, झाकण सगळं बसलं. यंत्रणा सज्ज. डोळे चुरचुरतात. पाइप कापल्याची धूळ. पाइप गेल्या आठवड्यात कापले, पण अशी धूळ रेंगाळते.

२४ मे, दुपारी ३.१०
ढग. मुलगी आणि जावई गाडी घेऊन हजर. मागची सीट आधीच पाडलेली. इतका अविश्वास बरा नाही.

३.४०
पाऊस. जोरात. छत्री घेऊन टाकीशी उभा.

३.५५
पन्हळीतून करंगळीएवढी धार. यंत्रणेला सुरुवातीला वेळ लागतोच.

४.१०
धार बंद. पाऊस चालू.

४.१५
मुलीने मागच्या दारातून हाक मारली.

२४ मे, संध्याकाळी
मागची पन्हळ धो धो वाहत होती. टब काठोकाठ भरून अंगणभर पाणी.
मुलगी म्हणाली, तुम्हाला खरंच माहीत नाही? घर बांधताना आईने गवंड्याला सांगून उतार फिरवून घेतला होता. दारात पाणी पडलं तर ऑफिसला निघताना तुमचे बूट भिजतील म्हणून. तुम्हाला सांगितलंही होतं. तुम्ही ‘हं’ म्हणालात. आई दर पावसाळ्यात नक्कल करून दाखवायची, तुमच्या ‘हं’ची.
जावई पलीकडे बघून हसला. मीही हसलो असेन.
बूट तीस वर्षं कोरडे राहिले. मला वाटायचं, बूट चांगल्या कंपनीचे.

मुलीने टाकीत डोकावून बघितलं. म्हणाली, शब्द टाकीचा होता, बाबा. मी मान्य केलं. ती मागे गेली, टबात कोपरापर्यंत हात घालून उभी राहिली. मग म्हणाली, आठ कुंड्यांचं भागेल एवढ्यात. तीन नेते. लिंबू राहू दे तुमच्याकडे.
वाटाघाटी मी उत्तम केल्या.

२५ मे
लिंबाला दोन मग पाणी. प्लंबरला विचारलं, टाकी मागे नेता येईल? म्हणाला, बोळातून जाणार नाही काका, तुम्हीच मापं घेऊन बघा. घेतली. जात नाही. त्या दिवशीच्या बादलीची त्याने आठवण करून दिली नाही, हा त्याचा चांगुलपणा.

भंगारवाल्याला हाक मारली नाही.

नकाशावरचा बाण खोडून उलटा काढला. खाली दुरुस्तीचा रकाना असतो, तो तीस वर्षं रिकामाच होता. दुरुस्ती क्रमांक एक. सूचना : ही. मान्यता : मी. तारखेशी अडलो, शेवटी आजची घातली.
टाकीचा तळ पुसून घेतला आणि नकाशा गुंडाळून आत ठेवला. घरात तेवढी एकच जागा खात्रीने कोरडी आहे.