पंप आणि शेड एकाच वायरवर

तीर्थरूप मामा,

वाकून नमस्कार. (पत्रातून वाकणं सोपं. समोर असलास की मी वाकायच्या आत तू टपली मारतोस.)

देशाची संस्कृती नेमकी कुठे राहते? हा प्रश्न मला गेली दोन वर्षं ऑफिसात रोज विचारला गेला. त्याचा मी पगार घेतला, त्यावर जाडजूड अहवाल लिहिला, आणि आज मला त्याचं उत्तर येत नाही. मला पदवी मिळाली तेव्हा तू गल्लीभर सांगत फिरला होतास की आता आमच्या घरात विचारलं तर कळेल असं एक तरी माणूस झालं. मामा, कृपा करून विचारू नकोस.

तुझी पाठ कशी आहे? मामीने शिडी लपवून ठेवल्यापासून तू टेबलावर खुर्ची ठेवून चढतोस असं आईकडून कळलं. आई बरी आहे, म्हणजे सगळ्यांबद्दल तक्रारी चालू आहेत, तुझ्याबद्दल जरा जास्त. दादा बरा आहे असं लिहिलं असतं, पण खोटं लिहायची सवय मी नुकतीच सोडली आहे. हे पत्र दादाबद्दलच आहे, जरी वाचताना तुला वाटेल की तुझ्याचबद्दल आहे.

बाटल्यांच्या कारखान्यातली पॅकिंगची शेड तुला आठवत असेल. नसेल तर मी आठवण करून देते, कारण तू तिथून निघालास तो पुन्हा त्या गेटकडे फिरकला नाहीस. शेडचं वायरिंग तू केलंस. वायर वाचावी म्हणून छतावरच्या टाकीचा पंप आणि शेडचे दिवे तू एकाच वायरवर घेतलेस, आणि मधला एक जोड असा सैल ठेवलास की पंप सुरू झाला की शेडमधले दिवे निखाऱ्यासारखे लाल व्हायचे, आणि पंप थांबला की पुन्हा ताजेतवाने. सुपरवायझरने सगळ्यांसमोर विचारलं की हे वायरिंग आहे की कुणी अर्धवट सोडलेला स्वेटर, आणि तू पक्कड खिशात घालून निघून गेलास. (तुझ्या बाजूने एवढंच सांगते की तुझ्या वायरिंगने आजवर कुणाला झटका दिला नाही. फक्त दगा दिला.)

तू गेल्यानंतर तिथेच मशीनवर असलेल्या दादाने त्या शेडमध्ये रविवारी दुपारी नाच सुरू केला, हे तुला उडत उडत माहीत आहे. बाटल्या धुण्याच्या मशीनचा खडखडाट, झाकण बसतानाचा टक आवाज, पट्ट्यावरून सरकणाऱ्या काचेची किणकिण, हे सगळं त्याने आपल्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये भरलं, त्याच्या खाली एक जाड ठोका टाकला आणि भाड्याचे स्पीकर लावले. आठवडाभर ज्या आवाजाने डोकं उठतं त्याच आवाजावर रविवारी माणसं नाचायला लागली. आता शेड पत्र्याची. नाचलं की घाम, घाम आला की पाणी, सगळे पाणी प्यायला लागले की टाकी रिकामी, टाकी रिकामी झाली की पंप आपोआप चालू, आणि पंप चालू झाला की स्पीकर गप्प. तुझी कृपा. पहिल्यांदा असं झालं तेव्हा कुणीतरी तुझं नाव घेऊन शिवी दिली. पण माणसं थांबली नाहीत. खाली लाकडी फळ्या होत्या. पाय चालूच राहिले. अंधुक लाल उजेडात शंभर माणसं पायांनी ठोका धरून होती, आणि वीज परत आली तेव्हा दादाला त्या पायांच्या ठोक्यात आपलं संगीत नेमकं आणून सोडावं लागलं. ते जुळलं तेव्हा जो काही ओरडा झाला तो ऐकून सुपरवायझर, जो ओरडायला आला होता, तोही नाचला.

तेव्हापासून त्या वीज जाण्याला, आणि आख्ख्या नाचालाही, खटका म्हणतात. जितकं जोरात नाचाल तितका खटका लवकर, आणि तो कधी येईल ते कुणालाच ठाऊक नाही, दादालासुद्धा नाही. शेजारच्या गावांनी नक्कल करून पाहिली. बंदराकडे जमलं नाही, कारण तिथली माल उचलणारी यारी रात्रंदिवस चालू असते आणि तिथल्या पोरांना थांबणं माहीतच नाही; त्यांचं संगीत एकदा सुरू झालं की माणूस पडेपर्यंत चालतं. डोंगराकडे आवाज फार हळू ठेवतात, कारण तिथे प्रत्येक शेजारी हा नातेवाईक असतो आणि उद्या त्याच्याकडेच जेवायला जायचं असतं.

हे सगळं मला इतकं सुंदर वाटायचं, मामा, की मंडळात नोकरी लागली तेव्हा मी पहिला विषय हाच घेतला. मंडळ म्हणजे राष्ट्रीय नादवारसा मंडळ. दुसऱ्या देशांकडे आपापलं नाचाचं इलेक्ट्रॉनिक संगीत आहे आणि आपल्याकडे नाही, याची वरच्या कुणालातरी लाज वाटली म्हणून ते स्थापन झालं. मी अगदी मनापासून लिहिलं. लिहिलं की जो देश गाडी वेळेवर सुटण्याचा अभिमान बाळगतो तिथला ठोकाही घड्याळासारखा सरळ जातो, आणि आपला देश वाट पाहण्यात पटाईत आहे, म्हणून आपल्या संगीताचा प्राण थांबण्यात आहे. खिडकीवर, रांगेत, दवाखान्यात आपण एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून इतकं थांबलो आहोत की वीज गेल्यावर पाय कसे चालू ठेवायचे हे आपल्याला शिकवावं लागत नाही. आणि असंही लिहिलं की खटका ही या देशातली अध्यक्षांशिवाय पार पडणारी एकमेव सभा आहे. वायरिंगवर एक स्वतंत्र प्रकरण होतं. त्यात तू होतास.

संचालकांनी अहवाल परत दिला तेव्हा अध्यक्षांचं वाक्य खोडलेलं होतं (मंडळाचे अध्यक्ष दुखावतील म्हणून) आणि तुझं आख्खं प्रकरण गायब होतं. मी कारण विचारलं. ते चष्मा पुसत म्हणाले, "वायरिंग हा सांस्कृतिक शब्द नाही." तुझ्या जागी त्यांनी 'आपल्या पूर्वजांचे प्राचीन मौन' असं घातलं होतं. मी वाद घातला. मग घरी जाऊन विचार केला की शब्द गेला तर गेला, दादाचं संगीत तर जगासमोर जाईल. आदर्श बाळगणाऱ्या माणसाला गंडवायला फार कष्ट पडत नाहीत. तो निम्मं काम स्वतःच करतो.

मग मंडळाच्या सभागृहात सादरीकरण ठरलं. खाली जाड गालिचा, वर झुंबर, मधे मखमली खुर्च्यांच्या रांगा. परदेशातून एक अभ्यासक पाहुणे आले होते. नाच होता, त्यामुळे आधी प्रास्ताविक झालं, मग पाहुण्यांचा परिचय, मग पाहुण्यांचा परिचय करून देणाऱ्यांचा परिचय. दादा कोपऱ्यात इस्त्रीच्या शर्टात कॉम्प्युटर मांडीवर घेऊन बसला होता, दातांच्या डॉक्टरकडे बसतात तसा. सभागृहाला जनरेटर होता, म्हणजे वीज जाण्याची सोय नव्हती. म्हणून एका कनिष्ठ अधिकाऱ्याची लेखी आदेशाने नेमणूक झाली होती की त्याने खूण मिळताच मेन स्विच खाली ओढावा.

दादाने सुरुवात केली. खुर्च्यांवर बसलेली माणसं मान हलवत होती, पटलेलं असताना हलवतात तशी. अधिकाऱ्याने स्विच ओढला. दारांतून येणारा अंधुक उजेड तेवढा उरला, आवाज तुटला, आणि पहिल्या रांगेतले अध्यक्ष उठून उभे राहिले. हात समोर बांधले, मान खाली घातली. अध्यक्ष उभे राहिले म्हणून पहिली रांग उभी राहिली, ती राहिली म्हणून दुसरी, आणि बघता बघता आख्खं सभागृह श्रद्धांजली वाहत उभं. मामा, आपल्या लोकांना अचानक शांतता दिली की ते दुसरं काय करणार? दादा एकटाच पाय आपटत होता, पण गालिच्यावर पायाचा आवाज होत नाही. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी हळूच विचारलं, "कोण गेलं?" तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. आज देता येईल.

वीज आली, अध्यक्ष डोळे पुसत बसले, मग सगळे बसले. पाहुणे अभ्यासक म्हणाले की इतका हेलावून टाकणारा नाच त्यांनी कुठेच पाहिला नाही. त्यांनी बिचाऱ्यांनी अजूनही पाहिलेला नाही.

पुढे नियम झाले. खटक्याचं नाव मौनकाल. तो किती वेळाचा, कितव्या मिनिटाला, आणि प्रेक्षकांनी त्यात मान किती खाली घालायची हेसुद्धा ठरलं. शाळांच्या गॅदरिंगमध्ये मुलं तो करतात म्हणे, आणि रडणाऱ्यांना जादा गुण असतात. मग परदेशात पाठवायचं पथक निवडायला चाचणी झाली. दादा आला, बरोबर बाटल्या धुणाऱ्या चार बायका आणि तो सुपरवायझर. मी समितीची टिपणं घ्यायला होते. मौनकाल आला आणि दादाबरोबरच्या त्या पाचही जणांनी फळ्यांवर आपटावेत तसे पाय आपटले, एका बाईने शिट्टी मारली. समितीचं मत पडलं की कलाकाराला परंपरेची जाण नाही, मौनाचा भंग झाला, आणि मौन कधी येणार असं विचारलं असता कलाकाराने 'टाकी रिकामी झाली की' असं असंबद्ध उत्तर दिलं. माझं पेन थांबलं. दादा माझ्याकडे बघत होता. दहावीनंतर शाळा सोडून जो मशीनवर उभा राहिला, कारण घरात एकाचीच फी भरता येत होती, तो दादा. रागावला असता तर बरं झालं असतं.

"लिही तू," तो म्हणाला. "तुझं काम आहे ते."

मी लिहिलं. चांगल्या अक्षरात लिहिलं.

निवडलं गेलं ते एका संगीतशाळेचं पथक. मुलं गुणी आहेत, इतकी स्तब्ध उभी राहतात की खांबांनी शिकावं. आणि दादाला वाईट वाटू नये म्हणून मंडळाने त्याच्या शेडला 'उगमस्थान' जाहीर केलं, दारावर पितळी पाटी लावली आणि भेट म्हणून काय दिलं माहीत आहे? नवीन वायरिंग. पंपाला वेगळी लाइन, शेडला वेगळी, भिंतीवर पांढरीशुभ्र पेटी, प्रत्येक स्विचखाली नाव. मामा, इतकं सरळ वायरिंग मी जन्मात पाहिलं नव्हतं. आपल्या घरात तर नाहीच.

त्या रविवारी माणसं आली, नाचली, पाणी प्यायली. पंप सुरू झालेला ऐकू आला. सगळ्यांनी पाय तयार ठेवले. दिवे ढळढळीत चालू. स्पीकर चालू. नाचत राहिली, मग नुसती हलत राहिली. दारातल्या चहावाल्या काकूंनी शेवटी विचारलं, "आज जाणार आहे की नाही?" दादाने स्वतः बटण दाबून आवाज बंद करून पाहिला. कुणी पाय आपटले, कुणी नाही. स्वतःलाच गुदगुल्या करून कुणाला हसू येतं का? पुढच्या रविवारी निम्मी माणसं आली. त्याच्या पुढच्या रविवारी दादा रिकाम्या खोक्यावर बसून पितळी पाटी पुसत होता, कारण पुसण्याची जबाबदारी उगमस्थानाची आहे असा नियम आहे. आता स्पीकर परत द्यायचे म्हणतो. रविवारी झोप काढता येईल, म्हणतो. मशीनवर आठवडाभर उभा राहणारा माणूस रविवारचं बोलतो तेव्हा त्याच्या डोळ्यांत काहीतरी असायचं. ते आता नाही.

बाकी सर्व ठीक. मामीला नमस्कार, शिडी जिथे लपवली आहे तिथेच राहू द्यावी.

तुझी भाची
(घराण्यातली पहिली पदवीधर, आणि आईचं म्हणणं, बहुतेक शेवटची)

ता. क. वर जे वायरिंगबद्दल हसले ते मनावर घेऊ नकोस. मंडळाने देशभर हिंडून शोधलेली संस्कृती तू एका दुपारी वायर वाचवण्याच्या नादात करून ठेवली होतीस. हे मी अहवालात लिहिलं होतं. छापलं गेलं नाही.

आणखी ता. क. आता मुद्द्याचं. येत्या रविवारच्या आत ये. पक्कड आण, ती काळी चिकटपट्टी आण, आणि होतं अगदी तसंच करून दे. पंप आणि शेड एकाच वायरवर. जोड सैल. या वयात सुधारणा करायचा मोह होईल, तो आवर. सुपरवायझरला मी विचारलं आहे. तो म्हणाला, स्वेटरवाल्याला म्हणावं चुकलं माझं, चहा माझ्याकडून.

शेवटची ता. क. विचार करतो, बघतो, पाठ दुखते, असं काही कळवू नकोस. त्याला आता उशीर झाला. पितळी पाटी राजीनाम्यात गुंडाळून मी काल संचालकांच्या टेबलावर ठेवून आले (आईला अजून माहीत नाही, आणि ते तूच सांगायचं आहेस). तिथून सरळ शेडमध्ये गेले, मेन बंद केला आणि पांढरी पेटी उघडून भिंतीवरून उतरवली. वायरी सगळ्या बाहेर लोंबत आहेत, आणि आपल्या घराण्याच्या परंपरेला धरून मी त्यांतल्या एकीवरही खूण केलेली नाही.