बाळानं आईचं दूध घेतलं का?

डब्लिन, ४ मार्च १९९७

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

वॉर्डात आम्हा सुइणींना नवं काम आलंय. घरी जाण्याआधी प्रत्येक बाळंतिणीला विचारायचं, बाळाला अंगावरचं दूध एकदा तरी दिलं का. किती जणी सुरुवात करतात ते सरकारला मोजायचंय. बहुतेकींचं उत्तर नाहीच. कालच्या एकीनं मलाच विचारलं, तुला चर्चनं पाठवलंय की कर खात्यानं!

पुढच्या महिन्यात आपल्या फीअख्राची बायको डर्वला बाळंतपणाला इथेच येईल. तिला बाळाला अंगावर पाजायचंय. तू मध्ये पडू नकोस, एवढीच विनवणी.

रागावलीस तरी माया कमी करू नकोस.
तुझी सोरखा

ड्रमशान्बो, ९ मार्च

चि. सोरखास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र ऐकताना बाबांनी पेपर तोंडापुढे धरला तो जेवणापर्यंत खाली घेतला नाही. आता बायकांचं दूधही मोजणार का सरकार? तुम्ही चौघं बाटलीवरच वाढलात. फीअख्रा सिमेंटच्या दोन गोण्या एकदम उचलतो, आणि तुझी जीभ त्याहून दणकट. डर्वलाला मी बाटल्या पाठवल्या. तिनं आभार मानून कपाटात ठेवल्या म्हणे. मी काही बोलले नाही. बोलणार होते, तेवढ्यात तुझं पत्र आलं.

म्हाताऱ्यांवर लोभ ठेव.
आई

डब्लिन, २१ मार्च

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू नुसती रडत होतीस, म्हणून लिहून कळवते. डर्वलाची छोटी लवकर आली, पण श्वास नीट घेतेय. काचेच्या पेटीत आहे, ओढून प्यायची ताकद अजून नाही. डर्वला हातानं दूध काढत बसली होती. कसेबसे चार थेंब आले. मग रडवेली होऊन म्हणाली, तुमच्या मोजणीत मी 'नाही'तच ना गं? म्हटलं, वेडे, दूध आईचं असलं की झालं, बाळाच्या तोंडात कसंही जावो. सिरिंजनं थेंब सोडले तर छोटीनं मिटक्या मारल्या! फीअख्रा डोळे पुसत बाहेर पळाला.

डर्वलाला तूच हवी आहेस. ये.
तुझी वाट पाहणारी,
सोरखा

ड्रमशान्बो, ६ एप्रिल

चि. सोरखास,
अनेक आशीर्वाद.

तुमच्याकडून परत आल्यापासून बाबांना तेच तेच सांगतेय. तुझी सुट्टी होती त्या सकाळी डर्वलानं छोटीला छातीशी धरलं आणि पोरगी आपणहून प्यायला लागली. मी अशी ओरडले की मोठ्या नर्सनं मला बाहेर काढलं. मग दाराच्या काचेतून बघत राहिले.

तिथे उभ्या उभ्या आठवलं. फीअख्राच्या वेळी मला भरपूर दूध होतं. इस्पितळातल्या नन्सनी दूध आटावं म्हणून छाती घट्ट बांधली आणि हातात बाटली दिली. तुला काय हवंय, हे कुणी विचारलंच नाही. तुमची मोजणी सरकारला लखलाभ. तू विचारतेस, हे मला आवडलं.

शेजारच्या बर्नीची मुलगी पुढच्या आठवड्यात तुमच्याकडे बाळंतपणाला येतेय. फटकळ आहे, तुला उडवून लावील. तरी विचार.

तुम्हा सगळ्यांचा आणि आता छोटीचाही लोभ हवा.
आई